पान एकशे अठरा

हे मी सांगायला नको होतं. आम्हा पुस्तकांत एक शिस्त असते. आपल्या आत जे छापलंय ते कुणालाही सांगावं, पण आपल्याला वाचणाऱ्याचं बाहेर सांगू नये. कोण कुठल्या पानावर रडलं, कुणी कुठल्या ओळीखाली रेघ मारली, कोण तिसऱ्या पानावरच झोपलं, हे सगळं आम्ही मिटून ठेवतो. मीही आजवर मिटून ठेवलं. पण आत्ता मी गल्लीतल्या मुक्ताबाईंच्या दारातल्या ओट्यावर पडलेय. माझ्या कव्हरवर गव्हाच्या गरम चिकाची वाटी आहे. शेजारी ब्राह्मी मान खाली घालून बसलीय, समोर मुक्ताबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्यात, आणि दोघींपैकी कुणीच बोलत नाही. चीक निवत चाललाय. ब्राह्मी बोलणाऱ्यांतली नाही. मग कुणीतरी बोलायला हवं.

म्हणून मी बोलतेय. मी एक प्रत आहे. सतराव्या आवृत्तीतली, दोनशे आठ पानांची. माझं नाव 'घरातून शिखराकडे'. घरच्या घरी धंदा कसा सुरू करावा, माणसं कशी सांभाळावी, पैसा कसा राखावा, असं सगळं माझ्यात आहे. कव्हरवर निळ्या सुटातले एक गृहस्थ हाताची घडी घालून हसत उभे आहेत. ते माझे लेखक. आत्ता वाटी नेमकी त्यांच्या तोंडावर आहे.

माझा जन्म छापखान्यातला. त्या दिवशी आम्ही तीन हजार जणी एकदम जन्मलो, त्यामुळे कौतुक कुणाचंच झालं नाही. गरम डिंकाचा वास, कटरचा आवाज आणि अंगाला अंग लावून रचलेल्या आम्ही. बांधणीवरच्या एका बाईंनी मला उचललं आणि पानं सरळ लागलीत का ते पाहायला अंगठ्यानं फर्रकन उलटली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मला उलटणारी ती पहिली व्यक्ती. आजवरची शेवटचीही तीच.

तिथून मी साताऱ्याला आले. एका मोठ्या सभागृहात दिवसभराचं शिबिर होतं. आत दोनशे माणसं उभी राहून 'उद्यापासून मी बदलणार' असं तीनदा म्हणाली आणि बाहेर येऊन आमच्यावर तुटून पडली. भरतेशनं मला घेतलं. भरतेश हा सांगलीचा मुलगा, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरीला. त्यानं पिवळं मार्कर घेऊन पहिल्या वीस पानांतली जवळजवळ प्रत्येक ओळ रंगवली. पुढच्या चौदा पानांत एकही नाही. चौतिसाव्या पानाचा कोपरा दुमडला आणि मला मोटारसायकलच्या डिक्कीत टाकलं.

डिक्कीत मी आठ महिने होते. सोबतीला रेनकोट आणि हवा भरायचा पंप. एकदा पतसंस्थेतली मंडळी कोयनानगरला सहलीला गेली, तेव्हा घाटातल्या प्रत्येक वळणावर मी या कडेवरून त्या कडेवर आपटत होते. मला वाटायचं, माझ्यातल्या या एवढ्या शहाणपणाचं कुणाला काहीच काम नाही का?

काम होतं. ते असं निघेल हे मात्र मला माहीत नव्हतं.

भाऊबीजेला भरतेश बहिणीकडे सांगलीला आला. भाग्यश्रीनं त्याला ओवाळलं. ताटात काय पडतंय ते बघायला तिची नववीतली मुलगी, ब्राह्मी, थोडी पुढं सरकली. ताटात पडले मी.

"मेव्हण्यांनी साडी वाचवली," भाग्यश्रीचे यजमान जिनेंद्र म्हणाले.

"दाजी, साडी दोन वर्षांत विटते. हे आयुष्यभर पुरतं."

"तुम्ही वाचलंय?"

"म्हणजे... चाळलंय की."

"दिसतंय. वीस पानं तर हळदीत घोळून काढल्यासारखी झालीत." जिनेंद्र हळदीच्या अडतीत कामाला, त्यांना सगळीकडे हळदच दिसते.

"हसू नका हो," भाग्यश्री म्हणाली. "मी वाचीन रे भरतेश. नक्की वाचीन."

आणि खरंच तिनं वाचायला घेतलं. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. ओटा आवरला की तास-दीड तास मोकळा मिळतो. ब्राह्मीच्या अभ्यासाच्या टेबलाशी समोरासमोर बसून ती मला उघडायची. ओळीखालून बोट फिरवत, ओठ हलवत वाचायची. चुकून हातातून पडले तर उचलून कपाळाला लावायची. कपाटात रेशमी वस्त्रात गुंडाळलेली शास्त्राची पुस्तकं होती. तिच्या लेखी पुस्तक म्हणजे पुस्तक, मग ते कुठलंही असो. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. आणि खरं सांगते, त्या मानाचीच मला भीती वाटायला लागली. भरतेशनं मला वाचलं नव्हतं. ही बाई माझ्यावर विश्वास ठेवत होती.

एका संध्याकाळी तिनं माझ्यातली एक ओळ मोठ्यानं वाचली. "तुम्ही मालक आहात की मजूर, हे आजच ठरवा." मग वर बघून म्हणाली, "ब्राह्मी, मी मालक आहे का गं?"

ब्राह्मीनं थोडा विचार केला. "कशाची?"

भाग्यश्रीनं नुसतं पान उलटलं.

तिला कशाची मालक व्हायचं होतं ते मला हळूहळू कळलं. भाग्यश्री कुरडया करते. सासूबाईंकडून शिकली. गुणमालाबाई म्हणजे तिच्या सासूबाई. चातुर्मासात घरात पालेभाजी चालत नाही, त्या दिवसांत कुरडईची भाजी उपयोगी पडते, म्हणून त्या उन्हाळ्यात डबेच्या डबे भरून ठेवायच्या. त्या गेल्यावर भाग्यश्रीनं ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. तिच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र, तळल्या की ताटाएवढ्या फुलतात. पाकिटावर आपलं नाव असावं, एवढीच तिची इच्छा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर मात्र पेन्सिलीनं त्या पाकिटाचं चित्र काढून ठेवलंय.

कुरडई हा एकटीनं करायचा प्रकार नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग तो वाटून, पिळून त्याचं दूध काढायचं. रात्रभर ते निवळलं की सकाळी वरचं पाणी ओतून खालचा घट्ट चीक शिजवायचा. तो शिजताना हात थांबला की गाठी झाल्याच. आणि शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, निवला तर कुरडई तुटते. 'आज राहू दे, उद्या करू' हे चिकाला सांगता येत नाही. म्हणून त्यांच्या गल्लीत पद्धत अशी की आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. भाग्यश्री सोडून आठ घरच्या बायका. कुणी कुणाला बोलवत नाही. गच्चीवर कापड अंथरलेलं दिसलं की येतात.

फेब्रुवारीत मी ते पहिल्यांदा पाहिलं. माझी जागा स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी होती. चीक शिजल्याचा वास सुटला आणि सगळं काम क्षणभर थांबलं. भाग्यश्रीनं वाट्या मांडल्या. आठ बायका आणि ब्राह्मी, नऊ वाट्या. वाफाळता चीक, वर तूप-साखर. सगळ्याजणी स्वयंपाकघरात मांडीला मांडी लावून बसल्या. मुक्ताबाईंच्या हातात तेवढी निराळी वाटी होती, काठाला पोचा आलेली, बाहेरून 'गुणमाला' असं नाव कोरलेली. ती त्यांनाच का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"भाग्यश्री, तूप घालताना एवढा हात आखडतीस, लगीन झालं तवा बी आसंच वाडत हुतीस," मुक्ताबाई म्हणाल्या.

"काकू, डॉक्टरांनी तुम्हालाच तूप बंद केलंय."

"डागतराला कुटं म्हाईत हाय मी हितं हाय त्ये."

सगळ्या हसल्या. ब्राह्मीही वाटीत बघत हसली.

मग तो दिवस आला. प्रकरण पाचवं, पान चौसष्ट. 'गळती शोधा. तुमच्या धंद्यात रोज कुठून काय गळतं ते लिहून काढा. लहान वाटणारी गळतीच मोठा धंदा बुडवते.' भाग्यश्री पेन्सिल दातात धरून बराच वेळ बसली. तिनं दूध आठवलं, गॅस आठवला, तुटक्या कुरडया आठवल्या. आणि मग माझ्या समासात लिहिलं: 'चीक, ९ वाट्या.'

पेन्सिल रुतताना मला कळलं की काहीतरी चुकतंय. ती ओळ माझी नाही. पण ती लिहायला मीच लावलं होतं.

पुढे पान एकाहत्तर. 'फुकट घेऊ नका, फुकट देऊ नका. जो राबतो त्याला मोबदला द्या, म्हणजे नातं स्वच्छ राहतं.' हे वाचून तिचा चेहरा उजळला. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ती ब्राह्मीला म्हणाली, "बघ, बायका चार-चार तास राबतात आणि आपण त्यांना वाटीभर चिकावर वाटेला लावतो. बरं दिसतं का ते?" 

त्याच आठवड्यात भरतेशचा फोन आला. साताऱ्यात राजनंदिनीताई म्हणून एकजणी घरगुती वाळवणाचं दुकान चालवतात. भाग्यश्रीनं एसटीनं जाऊन त्यांना नमुना दाखवला. लग्नसराईसाठी पंधरा किलो कुरडयांची मागणी घेऊन ती परत आली. तीन घाणे, म्हणजे तीन वेळा गहू भिजवून करायचं काम. वेळ महिनाअखेरपर्यंत. चांगलं उतरलं तर वर्षभर तिच्या नावाच्या पाकिटात माल ठेवायचा शब्द त्यांनी दिला. परतीचं तिकीट भाग्यश्रीनं एकाहत्तराव्या पानात खूण म्हणून घातलं आणि मला मिटलं. आता वाचायला वेळ कुठला? करायची वेळ आली होती.

ते तिकीट अजून तिथंच आहे.

मला ठाऊक होतं पुढं काय आहे. एकशे अठराव्या पानावर माझे लेखक स्वतःची गोष्ट सांगतात. त्यांच्या पहिल्या कारखान्यात कामगारांना चार वाजता चहा आणि भजी मिळायची. त्यांनी ती गळती म्हणून बंद केली आणि त्याऐवजी पगारात थोडी वाढ दिली. महिन्याभरात सगळ्यात जुने तीन कामगार काही न बोलता सोडून गेले. खाली लिहिलंय: 'काहीही बंद करण्याआधी बघा, हे पाणी कुठल्या झाडाला जातंय.' इतकं महत्त्वाचं वाक्य त्यांनी चौसष्टाव्या पानावर का नाही घातलं, हे मी त्यांना अनेकदा मनात विचारलंय. ते कव्हरवर हाताची घडी घालून हसत राहतात.

एकदा नशिबानं साथ दिली असती. मी टेबलावर उघडी होते आणि पंखा जोरात लागला. तिकीट बाजूला सरकलं, माझी पानं भराभरा उलटायला लागली. ऐंशी, नव्वद, मोजायलाही फुरसत नव्हती. शंभर, एकशे सहा, एकशे बारा. आणखी सहा पानं. ब्राह्मीनं वहीवरून न बघताच कंपासपेटी उचलून माझ्यावर ठेवली. मग तिकीट पुन्हा जागेवर घालून मला मिटलं. माणसाला हात असतात, पाय असतात, तोंड असतं. मला स्वतःचं एक पानसुद्धा उलटता येत नाही.

पहिल्या घाण्याला आठही जणी आल्या. काम छान झालं. फक्त चिकाचा वास सुटला तेव्हा भाग्यश्रीनं वाट्या मांडल्या नाहीत. "आधी घालून घेऊ सगळ्या, ऊन आहे तोवर," म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सोरे फिरवत राहिल्या. सगळं उरकल्यावर निघताना तिनं दारात प्रत्येकीच्या हातात पांढरं पाकीट ठेवलं. वर सुंदर अक्षरात नाव घातलेलं.

"काकू, हे तुमचं."

"काय हाय ह्ये?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"चार तास झाले ना. कुणाकडून फुकट काम करून घ्यायचं नाही, असं पुस्तकात वाचून ठरवलंय मी आता."

"आन चीक?"

"तो आता मोजून लावतेय काकू. नऊ वाट्यांच्या किती कुरडया होतात बघा की. त्याचे पण धरलेत मी ह्यात. जास्तच धरलेत."

त्या आठ जणींतलीच एक, प्रांजलची आई, शेजारी उभी होती. "मग परवा आमच्याकडं आलीस की आमी पण पाकीट द्यायचं का गं तुला? किती घेतीस तासाला?"

"तसं नाही ओ वहिनी."

मुक्ताबाईंनी हात पदराला पुसले. पाकीट उघडलं नाही. "भाग्यश्री, मी आज रोजानं आले हुते व्हय?"

"नाही काकू, तसं कसं म्हणेन मी?"

"रोजानं जायाला मला हळदीची गोडावनं हायती. तितं दारात उबं ऱ्हाऊन पाकीट घ्यायाचं मला वावडं न्हाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुजी सासू मला पयल्यांदा आत घिऊन बसली, तवा ह्या गल्लीतल्या दोन बाया ताडकन उटून गेल्या. त्यास्नी माज्या मांडीला मांडी नको हुती. गुणमालाबाईनं सोताची वाटी माज्या हातात दिली आन म्हणाली, जाऊ द्यात त्या, तुमी खावा मुक्ताबाई, निवंल. दुसऱ्या वरसाला त्याच दोगी आपनहून यिऊन माज्या शेजारी बसल्या. वीस वरसं झाली त्याला. आन तू मला आज दारातनं वाटंला लावलीस."

पाकीट त्यांनी आत येऊन फळीवर ठेवलं. नेमकं माझ्यावर. मग बाकीच्या सात जणींनीही एकावर एक ठेवली. त्या आठ पाकिटांचं वजन फार नव्हतं, पण मी त्याखाली दबून गेले.

 त्या संध्याकाळी भाग्यश्रीनं पाकिटं बाजूला केली, मला खाली घेतलं आणि उघडलं. माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, आता ती पुढं जाईल. तिनं तिकीट काढलं, एकाहत्तरावं पान पुन्हा वाचलं, आणि मग पान उलटलं. मागं. सत्तर, एकोणसत्तर, चौसष्ट. आपण काही चुकीचं वाचलं का ते बघत होती. चुकीचं काहीच वाचलं नव्हतं.

"मी जास्तच दिले होते गं," ती ब्राह्मीला म्हणाली. "कमी दिले असते तर गोष्ट वेगळी."

ब्राह्मी म्हणाली, "आई, त्यांची वाटी—" आणि तेवढ्यात जिनेंद्र आले, बोलणं तिथंच राहिलं.

दुसऱ्या घाण्याला गच्चीवर कापड अंथरलेलं सगळ्या गल्लीला दिसलं. कुणी आलं नाही. एकीकडे पाहुणे होते, एकीचा गुडघा दुखत होता, प्रांजलच्या आईनं खिडकीतूनच हात हलवला. जिनेंद्रांनी अर्धी रजा काढली, बाह्या सरसावून पातेल्यापाशी उभे राहिले.

"हे मालकाचं काम आहे की मजुराचं?" त्यांनी एकदा विचारलं. 

त्यांचा हात थांबला आणि गाठी झाल्या. भाग्यश्री गाठी फोडायला धावली, तोवर गच्चीवर सोऱ्यातला चीक निवला. ब्राह्मीनं घातलेल्या कुरडया मधेच तुटत होत्या. दुपारपर्यंत निम्मं पातेलं तसंच उरलं आणि घट्ट झालं. संध्याकाळी ते मागच्या गल्लीतल्या म्हशीला गेलं. भाग्यश्रीनं रिकामं पातेलं घासायला घेतलं आणि घासतच बसली. नऊ वाट्या वाचवल्या होत्या तिनं. म्हशीनं किती वाट्या खाल्ल्या ते तिनं मोजलं नाही, पण मला वाटतं, मनात मोजलं.

राजनंदिनीताईंचा फोन आला. आवाज गोड होता. "भाग्यश्रीताई, जमत नसेल तर स्पष्ट सांगा हं. कराडची एकजण द्यायला तयार आहे. मला तारीख चुकवून चालणार नाही."

"जमेल," भाग्यश्री म्हणाली. तिसऱ्या घाण्याचा गहू तेव्हा भिजत पडला होता. हा घाणा साधला तर राहिलेला माल उशिरा घ्यायला त्या कबूल झाल्या. नाही साधला, तर पाकिटाचं ते चित्र माझ्या शेवटच्या पानावरच राहणार.

"मुक्ताकाकूंना बोलव की जाऊन," जिनेंद्र म्हणाले.

"काय म्हणून जाऊ? माझं चुकलं काय तेच मला कळत नाही. आणि न कळता माफी मागायची म्हणजे खोटंच की ते."

हे बोलताना तिचा हात माझ्यावर होता. मी तिच्या तळव्याखाली होते, उत्तर माझ्या पोटात होतं, मधे सत्तेचाळीस पानं होती.

काल संध्याकाळी ब्राह्मीनं मला एकटीनं उघडलं. चौसष्टावं पान काढलं आणि खोडरबरानं समासातली ती ओळ पुसली. हळूहळू, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं मला दाबून धरून. पेन्सिल गेली. खाच राहिली. उजेडात तिरकं धरलं तर अजून वाचता येतं.

आज सकाळी जिनेंद्र कामावर गेले. भाग्यश्री एकटीच पातेल्याशी उभी. आधी छोट्या पातेल्यात थोडा चीक शिजवून बघितला, नीट उतरतोय का म्हणून. तो ओट्यावर ठेवून ती गच्चीवर कापड बघायला गेली. ब्राह्मीनं मांडणीच्या मागच्या बाजूनं ती पोचा आलेली वाटी काढली. चीक घातला. तूप घातलं, बऱ्यापैकी घातलं. साखर घातली. वाटी चटका देत होती, आणि ताटल्या तर सगळ्या कुरडयांसाठी गच्चीवर गेलेल्या. तिनं इकडं-तिकडं पाहिलं आणि फळीवरून मला ओढलं.

ही ती मुलगी, जी वर्गात 'हजर' म्हणते ते पुढच्या बाकावरही ऐकू जात नाही. ती मला दोन्ही हातांवर धरून भर गल्लीतून चालत होती. वाटी सांडू नये म्हणून तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

मुक्ताबाई दारातल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गं?"

ब्राह्मीनं मला पुढं केलं.

"आईनं दिलं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

ब्राह्मीनं मला वाटीसकट ओट्यावर ठेवलं. मुक्ताबाईंना वाचता येत नाही, पण काठाचा पोचा त्यांनी ओळखला. बोट पुढं झालं आणि पुन्हा सुपात गेलं.

"ताटली न्हाई व्हय घरात? बुकावर आनलीस." मग जरा वाकून कव्हरवरच्या सुटाकडे बघून म्हणाल्या, "ह्येच न्हवं त्ये बुक?"

ब्राह्मीनं होकार दिला. आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आईनं निम्मंच वाचलंय."

"निम्म्यानं एवडं केलं, तर समदं वाचून काय केलं आसतं बाई तिनं."

ब्राह्मी ओट्यावर माझ्याशेजारी बसली. तेव्हापासून आम्ही अशा आहोत. मुक्ताबाई तांदळातला खडा काढतात आणि बाजूला ठेवतात. चिकावर पातळ साय धरायला लागलीय. वाटीच्या बुडाचा गोल डाग माझ्या अंगावर उठलाय, तो आता कायमचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण समोर गच्चीवर कापड अंथरलंय, ऊन वर चढतंय, आत पातेल्यात चीक शिजतोय, आणि मला एवढं सगळं माहीत असून मी वाटीचं बूड टेकवायची एक वस्तू होऊन पडलेय.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. भेट आलेली, बक्षीस मिळालेली, कुठल्या तरी शिबिरात भारावून घेतलेली. मधे कसलं तरी तिकीट घालून मिटलेली. तिला अजिबात वाचलं नाहीत तर ती रागावणार नाही, आम्हाला सवय आहे. पण निम्मं वाचून उठू नका. आम्ही निम्म्यावर फार ठाम बोलतो. आमचं चुकलेलं आम्ही पुढं कुठंतरी कबूल करतो, मागच्या बाजूला, जिथवर सहसा कुणी

"ब्राह्मी." समोरच्या स्वयंपाकघरातून भाग्यश्रीचा आवाज आला. "कुठं गेलीस गं? चीक घट्ट व्हायला लागला, एकटीला हालंना."

ब्राह्मी उठली नाही. तिनं मुक्ताबाईंकडे पाहिलं.

मुक्ताबाईंनी सूप खाली ठेवलं. "आच मोटी ठेवली आसंल. दर येळंला सांगायाचं, बारीक ठेव, बारीक ठेव." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि माझ्यावरची वाटी उचलली. ब्राह्मीला वाटलं, आता खातील. त्यांनी वाटी तशीच हातात धरली.

"ही हितं ओट्यावर खायाची न्हाई. आत बसून खायाची हाय," त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या. "चल ऊठ. आन त्ये बुक घे उचलून, पायात यील कुणाच्या. न्हेऊन दे तुज्या आईला, म्हणावं, निम्मं ऱ्हायलंय त्ये बी..."

त्या भरभर पुढं गेल्या, पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. ब्राह्मीनं मला उचलून छातीशी धरलंय आणि ती पळतेय, माझी पानं वाऱ्यानं फडफडतायत, म्हणून घाईघाईत एवढंच सांगते, मला कधी हातात घेतलंत तर निदान एकशे अठराव्या पानापर्यंत